व्हॅक्यूम फॉर्मिंग: कोपऱ्यात सुरकुत्या येतात

प्रश्न (इंदूर): तापवून मऊ केलेली प्लॅस्टिक शीट हवा ओढून साच्यावर बसवायचं १२×१२ इंची घरगुती मशीन, घरचाच व्हॅक्यूम क्लीनर, १.५ मिमी हिप्स (पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकचा एक प्रकार) शीट. साच्याच्या कोपऱ्यांत सुरकुत्या पडतात, तळाशी कड उठत नाही. व्हॅक्यूम पंप घेऊ का?

उत्तर १: पंप नंतर बघा. आधी साचा किती उंच आहे? उंची रुंदीपेक्षा जास्त असेल तर जादा शीट कोपऱ्यात गोळा होणारच. बाजूंना ३ ते ५ अंश उतार द्या, कोपरे गोल करा. साच्याखाली २-३ मिमीचे पॅकिंग ठेवा, म्हणजे तळाची हवा निघून कड नीट उठते. खोलगट जागी १ मिमीची भोकं हवीतच.

उत्तर २: तापही तपासा. हिप्सला साधारण १५० ते १७० अंश लागतात. शीट आधी लाटांसारखी वाकते, मग ताणून सपाट होते आणि मधून लोंबते. दीडेक सेंटिमीटर झोळ आला की लगेच साच्यावर ओढा. फक्त मध्येच लोंबत असेल तर कडेला हीटरची कॉइल दाट करा. हवा गळू नये म्हणून फ्रेमला सिलिकॉन पट्टी लावा, इंदूरच्या सियागंज बाजारात मिळेल. क्लीनरचा जोर कमी पण तो हवा भरपूर ओढतो, त्यामुळे बारीक गळती चालते. पंपाला मात्र आधीच हवा काढून ठेवलेली टाकी लागेलच.

उत्तर १: आणि पीव्हीसी यात तापवू नका, जास्त तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते.