दुःखावर प्रेम हा उतारा असतो का?

मूळ मत : शिक्षिका, धरमपेठ

आमच्या वाचनगटाने या महिन्यात एक इंग्रजी किशोर कादंबरी वाचली. सोळा वर्षांच्या मुलीचा थोरला भाऊ अपघातात जातो, ती मैत्रिणींना टाळू लागते आणि पुढे शेजारी राहायला आलेल्या मुलाच्या प्रेमात पडून सावरते. भावाची सायकल अंगणात उभी असते. तिच्या साखळीला आकड्यांचे कुलूप आहे आणि ते आकडे फक्त त्यालाच ठाऊक होते. पहिल्या साठ पानांत ही मुलगी रोज संध्याकाळी नवनवे आकडे लावून पाहते. इतके खरे दुःख मी किशोरांच्या पुस्तकांत क्वचितच वाचले आहे, म्हणूनच पुढचा अपेक्षाभंग जिव्हारी लागला. तो मुलगा येतो, कटरने साखळी तोडतो, दोघे फिरायला जातात आणि त्यानंतर भावाचे नाव जेमतेम येते.

शिवाय पुस्तकाचे नकार, संताप, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार असे पाच भाग पाडले आहेत. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले ते मरणासन्न रुग्णांशी बोलून; मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हते.

प्रतिसाद : अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मानेवाडा

मॅडम, मी असहमत आहे. मी दहावीत असताना बाबा गेले. तेरवी झाली, पाहुणे परतले आणि पुढच्या सोमवारपासून शिकवणी सुरू झाली. त्याच वर्षी वर्गातली एक मुलगी मला आवडू लागली. फुटाळ्याच्या काठावर मित्रांसोबत तिच्या कुठल्याशा बोलण्यावर मी मनापासून हसलो आणि त्या रात्री, बाबांना जाऊन चार महिनेही झाले नाहीत आणि आपण हसतो कसे, या विचाराने मला झोप लागली नाही. हसणे म्हणजे विसरणे नव्हे, हे तेव्हा मला कोणीही सांगितले नाही. ही कादंबरी ते सांगते. पाच टप्प्यांची चूक मान्य आहे, पण सोळाव्या वर्षी ती कोणाला खुपणार?

प्रतिसाद : शिक्षिका, धरमपेठ

तुम्ही लिहिलेत ते वाचून थांबले. पण तुमची ती रात्रच या पुस्तकात नाही, हेच तर माझे म्हणणे आहे. नायिका हसते आणि तिला अपराधी वाटत नाही, तिची झोप उडत नाही. प्रेम आणि शोक एकाच वेळी येतात हे मला मान्य आहे. इथे मात्र एक आला की दुसरा निघून जातो.

प्रतिसाद : आई, महाल

मला तर आईवडिलांचीच पात्रे सर्वांत कच्ची वाटली. मुलगा गमावलेली बाई दीडशे पाने नुसती खिडकीशी उभी कशी राहील?

प्रतिसाद : अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मानेवाडा

कुलुपाबाबत मी माझे मत बदलतो. साखळी तोडण्याआधी आईलाही एकदा आकडे लावून पाहू द्यायला हवे होते. कदाचित तिला ते ठाऊक असते. तरीही बाबा गेले तेव्हा पाचवीत असलेली माझी बहीण आता दहावीत आहे आणि तिला मी हे पुस्तक देणार आहे. त्यातली पहिली साठ पाने तरी तिच्या हाती पडायला हवीत.