साप्ताहिक बैठकीतल्या कल्पना वहीतच राहतात, त्या तडीस कशा न्याव्यात?

कोरी_पाटी:

नमस्कार. गेल्या सव्वा वर्षापासून आम्ही आठ-नऊ जण आठवड्यातून एका संध्याकाळी दोन तास एकत्र जमतो. कोणी कथा लिहिते, कोणी चित्रे काढते, दोघी जणी कवितांना चाली लावतात. संस्था नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. ज्याला जमेल त्याने यावे, एवढाच नियम. गप्पांतून जे सुचते ते सगळे आम्ही एका वहीत टिपून ठेवतो.

परवा ती वही मी पहिल्या पानापासून वाचली आणि मन खट्टू झाले. ‘सगळ्यांनी मिळून एक हस्तलिखित अंक काढावा’ ही कल्पना तिच्यात तीन ठिकाणी, तीन निरनिराळ्या अक्षरांत, प्रत्येक वेळी नव्यानेच सुचल्यासारखी लिहिलेली आहे. तिसऱ्या नोंदीखाली तर पेन्सिलीने मुखपृष्ठाचे छोटेसे रेखाटनही केलेले आहे. त्या तिन्ही संध्याकाळी कोणीही तोंडदेखले बोलत नव्हते, हे मला चांगले आठवते. तरीही अंकाचे एक पानसुद्धा तयार झालेले नाही. ज्या मोकळेपणासाठी आम्ही सगळे तिथे येतो तो न गमावता निदान काही कल्पना तरी प्रत्यक्षात कशा आणाव्यात? कामे वाटून दिली तर बैठकीला येणेच लोकांना ओझे वाटू लागेल, अशी भीती वाटते.

शेवटचे_पान:

तुमच्या नोंदीतल्या कर्त्याकडे एकदा पाहा. ‘सगळ्यांनी काढावा’ असे म्हटले की तो अंक काढण्याची जबाबदारी नेमक्या कोणाचीच राहत नाही, आणि ‘करायला हवे’, ‘व्हायला पाहिजे’ या रूपांत तर कर्त्याची गरजही भासत नाही. आमच्या गटातही हेच होत होते. मग आम्ही वहीचे दोन भाग केले. पुढच्या भागात कोणीही काहीही लिहावे. मागच्या भागात मात्र प्रथमपुरुषी भविष्यकाळातले वाक्यच लिहायचे, उदाहरणार्थ ‘मी पुढच्या बैठकीला सोळा कोरी पाने शिवून आणीन’. हे वाक्य ज्याचे त्याने स्वतःच्या हाताने लिहायचे, दुसऱ्याने त्याच्या वतीने लिहायचे नाही, आणि काम एका आठवड्यात, शक्यतो एकाच बसण्यात पुरे होईल एवढेच घ्यायचे.

त्याच वाक्यात वेळ आणि जागाही लिहिली तर फार फरक पडतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात या विषयावर बरेच काम केले. नुसता ‘मी हे करीन’ असा निश्चय करणाऱ्यांपेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी बसलो की मी हे करीन’ असे आधीच ठरवणारे लोक ते काम अधिक वेळा पार पाडतात, असे त्यांना दिसून आले. आम्ही बैठकीची पहिली दहा मिनिटे मागचे पान वाचण्यासाठी ठेवली आहेत. ज्याचे झाले असेल तो वस्तू टेबलावर ठेवतो. ज्याचे झाले नसेल तो ‘नाही झाले’ एवढेच म्हणतो. कारण कोणी विचारत नाही. कारणे विचारू लागलो असतो तर लोकांनी लिहिणेच सोडले असते, अशी माझी खात्री आहे.

मंद_लय:

वरील सूचना चांगली आहे, पण एक सावधगिरीची गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या गटात एका उत्साही मित्राने प्रत्येक कल्पनेसमोर नाव आणि तारीख असलेला तक्ता केला होता. हेतू अगदी प्रामाणिक होता, परंतु दोनच महिन्यांत तिघांचे येणे बंद झाले, आणि त्यांतली एक जण पुढे म्हणाली की काम अपुरे असले की तिला यायलाच संकोच वाटे. बहुतेक कल्पना बोलण्यातच विरून जाव्यात, त्यांचे आयुष्य तेवढेच असते, असे माझे मत आहे. त्यातली जी पुन्हा पुन्हा वर येते तिच्याकडेच लक्ष द्यावे. तुमच्या वहीत अंक तीन वेळा आला आहे, म्हणजे निवड तुमच्या गटाने केलेलीच आहे.

आम्ही नंतर घरी नेण्याची कामे बंद केली आणि दर चौथी बैठक हाताने काम करण्यासाठी राखून ठेवली. त्या दिवशी चर्चा करायची नाही, कागद, कात्री, सुई-दोरा मध्ये ठेवायचे आणि सुरुवात करायची. पहिल्या वेळी अर्धा तास कोणीच बोलले नाही, फक्त कागद दुमडताना त्यावर नख फिरवल्याचा आवाज येत होता. दोन तासांनी वेडीवाकडी शिवण असलेली बारा पानांची एक पुस्तिका तयार झाली. तिचा दोरा दुसऱ्या पानावर सुटला आहे, पण ती आहे.

जुना_दिवा:

या संदर्भात एक जुने उदाहरण देतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७२७ मध्ये फिलाडेल्फियात मित्रांचे ‘जुंटो’ नावाचे मंडळ सुरू केले; ते दर शुक्रवारी संध्याकाळी जमत असे. प्रत्येकाने आळीपाळीने चर्चेसाठी प्रश्न आणावा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतःचा निबंध वाचावा, असे त्यांचे नियम होते. सर्वांनी आपापली पुस्तके बैठकीच्या खोलीत एकत्र ठेवावीत, ही कल्पना तिथेच निघाली आणि अमलातही आली. पण पुस्तकांची नीट काळजी घेतली जाईना आणि सुमारे वर्षभरात ज्याची त्याने परत नेली.

मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. फ्रँकलिन यांनी कल्पना सोडली नाही, तिची रचना बदलली. १७३१ मध्ये लेखी नियम करून, सुरुवातीला चाळीस शिलिंग आणि पुढे दरवर्षी दहा शिलिंग देणारे पन्नास वर्गणीदार जमवून त्यांनी ग्रंथालय उभे केले, आणि ते आजही चालू आहे. म्हणून पहिला अंक फसला तर अंकाची कल्पनाच चुकीची होती, असे मानू नका.

कोरी_पाटी:

सर्वांचे मनापासून आभार. पुढची बैठक हाताने काम करण्याची ठेवतो आणि वहीचे मागचे पानही सुरू करतो. एकच शंका आहे. मुखपृष्ठाचे रेखाटन जिने केले ती फार कमी बोलते. कल्पना तिची, तर ते काम तिलाच द्यावे का?

शेवटचे_पान:

तिला विचारा, पण गृहीत धरू नका. कल्पना मांडणाऱ्याच्याच गळ्यात काम पडते हे एकदा लक्षात आले की माणसे गप्प बसू लागतात, आणि अबोल माणसे सर्वांत आधी. रेखाटनाचे ते पान टेबलावर उघडून ठेवा आणि कोण काय उचलते ते पाहा. तिने पेन्सिल उचलली तर उत्तमच. दुसऱ्या कोणी उचलली, तर रंगवण्याआधी तिला एकदा दाखवून घ्या.