१९० गोल, आणि दुसरीच्या हातात दिलेला बॉल

बर्नबीकर
परवा घरी जेवायला आलेल्या मित्राशी वाद झाला. जेवण संपलं, वाद राहिला, म्हणून इथे टाकतोय.

विषय कॅनडाची फुटबॉलपटू क्रिस्टीन सिंक्लेअर. मी राहतो त्या बर्नबीतलीच, व्हँकुव्हरला खेटून असलेल्या गावची. २००० साली सोळाव्या वर्षी कॅनडाकडून पहिला सामना, डिसेंबर २०२३ मध्ये शेवटचा. मधल्या काळात ३३१ सामने आणि १९० गोल. देशासाठी एवढे गोल ना कुठल्या बाईने केलेत, ना कुठल्या बुवाने. मित्र म्हणाला, १९० म्हटलं की विषयच संपला.

मला वाटतं, या आकड्यानेच तिला झाकून टाकलंय. मला ती सगळ्यात मोठी वाटली ती तिने न मारलेल्या एका पेनल्टीमुळे.

टोकियो ऑलिंपिक, २०२१ ची सेमीफायनल. समोर अमेरिका, ०-०, पाऊण सामना झालेला. कॅनडाला पेनल्टी मिळाली आणि बॉल सिंक्लेअरने उचलला. वय ३८. नऊ वर्षांपूर्वी लंडन ऑलिंपिकच्या सेमीफायनलमध्ये याच अमेरिकेविरुद्ध तिने तीन गोल केले होते आणि तरी संघ ४-३ असा हरला होता. म्हणजे जुना हिशेब चुकता करायची वेळ चालून आलेली. तिने बॉल जेसी फ्लेमिंगच्या हातात दिला. फ्लेमिंग २३ वर्षांची. गोल. १-०. कॅनडाने अमेरिकेला हरवलं ते २००१ नंतर पहिल्यांदा, आणि पुढे सुवर्णपदकही आणलं.

स्ट्रायकर जात मुळात हावरट. पुढ्यातलं ताट उचलून दुसरीला देणारी स्ट्रायकर मी दुसरी पाहिली नाही.

आकडेमोडे
छान लिहिलंत, पण सोयीचं तेवढंच लिहिलंत. २०१९ का गाळलंत?

फ्रान्समधला विश्वचषक, बाद फेरी, स्वीडन १-० ने पुढे. कॅनडाला पेनल्टी. तेव्हाही सिंक्लेअरने स्वतः न घेता जनीन बेकीला विचारलं आणि बॉल तिला दिला. हेडविग लिंडालने झेप घेऊन अडवला, कॅनडा घरी. त्या दिवशी कुणाला त्यात मोठेपणा दिसला नव्हता. आत गेला तर त्याग, अडला तर जबाबदारी टाळली, असं कसं चालेल? कृती एकच आहे.

आता त्या १९० बद्दल. अमेरिकेच्या ॲबी वॅम्बाकचा १८४ गोलांचा विक्रम मोडला तो जानेवारी २०२० मध्ये, सेंट किट्स अँड नेव्हिसविरुद्ध. देशाची लोकसंख्या ५० हजारांच्या आसपास. सामना ११-० सुटला. त्यातला बरोबरीचा १८४ वा गोल पेनल्टीवर होता आणि ती तिनेच मारली होती. सेंट किट्ससमोर स्वतः मारायची आणि स्वीडनसमोर दुसरीला द्यायची, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

विश्वचषकात सहा वेळा खेळून तिचे १० गोल आहेत. ब्राझीलच्या मार्ताचे १७.

मडगावकर
मार्ताचा संघ आणि कॅनडाचा संघ एका तराजूत घालू नका हो. आमच्या गोव्यात फुटबॉल बघणाऱ्याला एवढं तरी कळतं.

आकडेमोडे
@मडगावकर, मार्ताकडेही विश्वचषक नाहीच. तराजू मी नाही, बर्नबीकरांनी काढला.

राइट विंग
मी कॉलेजात पुण्याकडून खेळले, त्यामुळे थोडी बाजू घेणार, आधीच सांगते.

लहान संघांविरुद्धचे गोल हा आरोप मला दरवेळी गमतीशीर वाटतो. वॅम्बाकनेही त्याच उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या गटात, त्याच छोट्या देशांविरुद्ध गोल केलेत, आणि तिच्या आजूबाजूला अमेरिकेचा संघ होता. सिंक्लेअरच्या मागे बरीच वर्षं तसा संघ नव्हता. २०११ चा विश्वचषक आठवा. बर्लिनमध्ये यजमान जर्मनीविरुद्ध नाक मोडलं, तरी मैदानात राहिली आणि फ्रीकिकवर गोल केला. त्या स्पर्धेत कॅनडाचा तो एकच गोल. संघ शेवटचा आला.

लंडनची सेमीफायनल तर मी आजही कुणी विषय काढला की पूर्ण सांगत बसते. २२, ६७, ७३ या मिनिटांना तिचे गोल. तीन वेळा कॅनडा पुढे. मग रेफरीने गोलकीपर एरिन मॅकलिऑडला सहा सेकंदांपेक्षा जास्त बॉल धरला म्हणून पकडलं. तो नियम पुस्तकात होता, मैदानात लावलेला कुणी फारसा पाहिला नव्हता. त्यातून फ्रीकिक, त्यातून हँडबॉल, त्यातून पेनल्टी, ३-३. आणि अलेक्स मॉर्गनचा गोल १२३ व्या मिनिटाला. नंतर सिंक्लेअर रेफरीबद्दल बोलली आणि फिफाने तिला चार सामन्यांची बंदी घातली. त्या स्पर्धेत सहा गोल, सगळ्यात जास्त. हे सेंट किट्सविरुद्धचे नव्हते, आकडेमोडे.

पेनल्टीबद्दल मात्र मी बर्नबीकरांच्याही बाजूची नाही. बाई कर्णधार आहे म्हणून तिने त्यागच करायचा, मग आपण टाळ्या वाजवायच्या, हे मला पटत नाही. मेस्सीने पेनल्टी दुसऱ्याला दिली असती तर तुम्ही आधी विचारलं असतं, दुखापत झालीय का?

पेठेतला गोली
इथं एकानंबी गोलीला विचारलं नाही, म्हणून मी बोलतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर लई वर्षं उभा राहिलोय, तालमीकडून.

पेनल्टी लागली की गोली बॉल बघत नाही, बॉल कुणाच्या हातात हाय ते बघतोय. ती कुठल्या पायाची, मागची कुठं मारली होती, पळत येताना थांबती का, हे सगळं डोक्यात फिरतंय. सिंक्लेअरसारखीनं बॉल काखेत धरला की अमेरिकेची गोली तिचीच तयारी करणार. समोरच्या पोरी येऊन टोमणे मारणार तेबी तिलाच. आणि ऐन वक्ताला बॉल दुसरीकडं. ह्याला त्याग म्हणा नाहीतर काय म्हणा, गोलीच्या बाजूनं बघितलं तर ही सरळ फसवणूक हाय, आणि झकास हाय.

ती मुद्दाम केली का, ते मला ठाऊक नाही. पण बॉल धरून उभं राहणं हेबी एक काम असतंय.

बर्नबीकर
गोलीसाहेब, हे मला सुचलंच नव्हतं. मित्राला फोन करून सांगणार.

आकडेमोडे, २०१९ मी गाळलं हे खरं. पण तुमचा तर्क तुमच्यावरच उलटतो. ती टाळणारी असती, तर बेकीचा बॉल अडल्यावर दोन वर्षांनी पुन्हा तेच करायला धजली नसती. घाबरलेला माणूस एकदा पोळल्यावर ‘नियमाने कर्णधारच मारेल’ म्हणून मोकळा होतो. आणि टोकियोतल्या ब्राझीलविरुद्धच्या शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्ट्यांत, कॅनडाची पहिली पेनल्टी मारायला तीच गेली होती. अडली ती. तरी गेली होती.

@राइट विंग, मेस्सीचा मुद्दा लागला. पण फायनलमध्ये स्वीडनविरुद्धची पेनल्टी तिला पाडल्यामुळेच मिळाली होती आणि मारली पुन्हा फ्लेमिंगने. ८६ व्या मिनिटाला सिंक्लेअरला बाहेर काढलं. सुवर्णपदकाचा शूटआउट तिने बाकावरून पाहिला. हे मी कौतुक म्हणून नाही, फक्त सांगतोय.

आकडेमोडे
आणि २०२३? मेलबर्न, नायजेरिया. पेनल्टी मिळाली, या वेळी तिने स्वतः घेतली. आत गेली असती तर सहा विश्वचषकांत गोल करणारी जगातली पहिली खेळाडू. चियामाका न्नाडोझीने अडवली, ०-०. कॅनडा साखळीतच बाद. तुमच्या न्यायाने हा लोभ म्हणायचा का?

राइट विंग
वय ४० होतं हो तिचं. त्याच वर्षी ही बाई पगार आणि सुविधांसाठी कॅनडाच्या फुटबॉल संघटनेशी भांडत होती, संसदेच्या समितीपुढे साक्ष देत होती. एक पेनल्टी चुकली, सोडा ना.

बर्नबीकर
सोडू नका, प्रश्न योग्य आहे. मला उत्तर येत नाही. त्या डिसेंबरमध्ये तिच्या शेवटच्या सामन्याला लेकीला घेऊन गेलो होतो. ४८ हजारांवर लोक, स्टेडियमला त्या रात्रीपुरतं तिचंच नाव दिलेलं. गोल दुसरीने केला. लेक घरी येईपर्यंत विचारत होती, तिला एक पेनल्टी तरी का नाही दिली?

पेठेतला गोली
आकडेमोडे, एक इचारू? तुम्ही स्वतः पेनल्टी मारलीसा काय कधी?

आकडेमोडे
एकदाच. सोसायटीच्या स्पर्धेत. बारवरून गेली, वॉचमनच्या केबिनची काच फुटली.

पेठेतला गोली
मग दुसऱ्याला का दिली न्हाईसा?

आकडेमोडे
कोणी घ्यायलाच तयार नव्हतं.