प्रति: कोळसा जळताना वस्तुमान खरोखर घटते का?

कोळसा जळताना थोडे वस्तुमान ऊर्जारूपाने बाहेर जाते, म्हणून द्रव्य अक्षय्यतेचा नियम (अभिक्रियेआधीचे व नंतरचे एकूण वस्तुमान सारखेच राहते) खोटा, हा या प्रश्नावरील एका प्रतिसादातील मुद्दा तत्त्वतः बरोबर असला तरी आकडे मांडल्यावर व्यवहारात तो फारसा टिकत नाही. १२ ग्रॅम कार्बन आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो व सुमारे ३९४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. आइन्स्टाइनच्या E = mc² या सूत्रानुसार तिला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागल्यास घट येते ती जेमतेम ४.४ नॅनोग्रॅम, म्हणजे हजार कोटी भागांतील एक भाग. रासायनिक तराजूला तिचा पत्ताही लागत नाही.

आमच्या बडोद्याकडे खत कारखान्यात अमोनियाचा ‘मटेरियल बॅलन्स’ (आत गेलेल्या व बाहेर आलेल्या पदार्थांचा हिशेब) मांडतात, तेव्हा अभिक्रिया झालेल्या २८ किलो नायट्रोजन व ६ किलो हायड्रोजनमागे ३४ किलो अमोनिया धरतात. हिशेब जुळला नाही, तर आइन्स्टाइनला कोणी बोल लावत नाही, गळती आणि फ्लोमीटर (प्रवाह मोजणारे उपकरण) तपासतात.

उरलेली राख कोळशापेक्षा हलकी भरते, म्हणजे वस्तुमान घटतेच, या आक्षेपाबाबत एवढेच, की उघड्यावर वायू ये-जा करतात, ते हिशेबात धरावे लागतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने १७७४ च्या सुमारास बंद पात्रात कथील तापवले तेव्हा एकूण वजन बदलले नाही; पात्र उघडताच बाहेरची हवा आत शिरली आणि वजन वाढले ते त्या क्षणी.