अभावात वाढणाऱ्या मुलांना मदत करताना काय चुकले, काय साधले?

अभावात वाढणाऱ्या मुलांसाठी वस्तू किंवा पैसे देणारे पुष्कळ असतात; मात्र ती मदत मुलापर्यंत पोहोचल्यावर पुढे काय झाले, हे क्वचितच लिहिले जाते. अशा मुलांसोबत ज्यांनी काम केले आहे, किंवा जे स्वतः अशा घरात वाढले आहेत, त्यांनी आपला अनुभव लिहावा. फसलेला असेल तर आधी लिहावा. मुलांची ओळख पटेल असा तपशील कृपया टाळावा.

प्राथमिक शिक्षिका
सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. वर्गातील एक मुलगा फळ्यावरचे उतरवून घेत नसे आणि पहिले चार महिने मी त्याला आळशी समजत होते. तपासणीत त्याची दूरची नजर फारच अधू असल्याचे कळले. चष्मा मिळाला आणि मी निश्चिंत झाले. पण महिन्याभरात तो तुटला आणि दुसरा मागण्याच्या संकोचाने मुलगा पुन्हा गप्प बसू लागला. आता मूल मागे पडताना दिसले, की मी आधी त्याची नजर, कान आणि रक्तक्षय यांची तपासणी करून घेते, कारण लोहाच्या कमतरतेने मूल थकते, त्याचे लक्ष टिकत नाही आणि बाहेरून ते आळसासारखेच दिसते. दिलेली वस्तू टिकली का, याची चौकशीही करते, मात्र एकटे गाठून. चारचौघांत विचारले तर उत्तर ‘नको’ असेच येते.

अशाच घरात वाढलेला एक वाचक
आमच्या शाळेत गरजू विद्यार्थ्यांची नावे पुकारत आणि पुढे जाऊन वह्या घ्याव्या लागत. वह्यांची गरज खरोखरच होती, म्हणून जात असे. सहलीची सूचना मात्र मी घरी दाखवतच नसे. ‘मला गाडी लागते’ असे बाईंना सांगून मोकळा होत असे. पुढच्या वर्षीच्या बाईंनी सर्वांकडून बंद पाकिटे मागवली, त्यामुळे कोणाचे पाकीट रिकामे आहे हे फक्त त्यांनाच कळले. मी सहलीला गेलो आणि गंमत म्हणजे मला गाडी खरोखरच लागली.

बालवाडी चालवणारी
अमेरिकेत १९६२ साली सुरू झालेल्या पेरी बालवाडी प्रकल्पात १२३ मुलांचा अभ्यास झाला. प्रवेश मिळालेल्या मुलांच्या घरी शिक्षिका दर आठवड्याला सुमारे दीड तास जात. मुलांच्या बुद्ध्यांकातील वाढ काही वर्षांत ओसरली, पण प्रवेश न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत पुढील शिक्षण आणि कमाई यांतील फरक चाळिशीपर्यंत दिसला. गृहभेटींचा आग्रह मी त्यामुळेच धरते.

समाजकार्यकर्ती
‘या घरापेक्षा मूल वसतिगृहात बरे’ असे सहज सुचवले जाते. केवळ गरिबी हे मुलाला पालकांपासून दूर करण्याचे कारण ठरू नये, असे संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात. १९८९ च्या बालहक्क करारातील कलम २७ ही पालकांना साहाय्य करण्याची जबाबदारी शासनावर टाकते. माझ्याकडे आलेली दहा वर्षांची मुलगी आई कामावर गेल्यावर धाकट्या भावाला सांभाळत असल्याने शाळा बुडवत होती. तिला दप्तर आधीच दोनदा मिळाले होते. आम्ही भावाला पाळणाघरात जागा मिळवून दिली आणि ती नियमित येऊ लागली. पाळणाघराला सुट्टी असते त्या दिवशी मात्र ती अजूनही गैरहजर असते.