'बेगम बर्वे' बसवतोय, एका प्रसंगावरून ग्रुपमध्ये भांडण सुरू आहे

तिसरी_घंटा
आम्ही पुण्यातले नऊजण, सगळे एकांकिका स्पर्धांमधून बाहेर पडलेले, आता स्वतःचा ग्रुप काढलाय आणि पहिलंच नाटक सतीश आळेकरांचं 'बेगम बर्वे' घेतलंय (हो, घरच्यांनीही हेच विचारलं, दुसरं काही मिळालं नाही का). तर भांडण असं की आमच्या दिग्दर्शकाला जावडेकर (कारकून) आणि बर्वे (संगीत नाटकात बायकांचे पार्ट केलेला म्हातारा नट) हे सरळ दोन पुरुषांचं प्रेम म्हणून दाखवायचंय आणि स्वप्नात बर्वे गरोदर असतो त्या डोहाळ्यांच्या भागात चुंबन घालायचंय. म्हणतो १९७९ मध्ये जे आडून सांगितलं ते आता उघड सांगू. मला पटत नाहीये पण नेमकं का ते सांगता येत नाही. दुसरं म्हणजे बर्वे करणारा मुलगा नट म्हणून भारी आहे पण सुराचा पत्ता नाही, नाट्यपदं ट्रॅकवर लावली तर चालेल का? आणि सेन्सॉरचं काय करायचं असतं?

विंगेतला_काका
आधी कोरडं. लेखकाची लेखी परवानगी घ्या आणि चुंबनाचं त्यांना आधीच सांगा, प्रयोगाला बोलवून दाखवू नका. सेन्सॉर म्हणजे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ, संहितेत काही घातलं असेल तर ती बदललेली संहिताच द्या. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'च्या वेळी १९७२ मध्ये दिग्दर्शक कमलाकर सारंगांना कोर्टात जावं लागलं होतं, आणि ही पूर्वपरवानगीची पद्धतच नको म्हणून अमोल पालेकर २०१६ मध्ये हायकोर्टात गेले. तुमच्याकडे कोर्टाइतके पैसे नसणार म्हणून वेळेत कागद द्या. पदांचं म्हणाल तर संगीत नाटकं लिहिणारे खाडिलकर १९४८ ला गेले, त्यांच्या पदांना आता कॉपीराइट नाही, पण कोणाचं रेकॉर्डिंग वाजवलंत तर तो मामला वेगळा.

नऊवारी_नेसलेला
मी हौशी ग्रुपमध्ये स्त्रीपार्ट केलाय म्हणून बोलतो. जावडेकरचं बर्व्यावर प्रेम कुठे आहे रे? त्याला ऑफिसातली नलावडेबाई हवीय, ती मिळत नाही, म्हणून तो समोरच्या म्हाताऱ्यात ती बघतो. आणि बर्व्याला जावडेकर तरी कुठे हवाय, त्याला बालगंधर्वांच्या नाटकातली नायिका व्हायचंय, आयुष्यभर कंपनीत बारकेसारके पार्ट केले, तो मेन पार्ट आत्ता मिळतोय. दोघं एकमेकांच्या अंगावरून भलतीकडेच बघतायत. तिथे तुम्ही चुंबन घातलं की दोघांना एकमेकं सापडली असं होतं, मग शेवटी बर्व्याचा मालक श्यामराव येऊन स्वप्न फाडतो त्यात काय उरलं? प्रेक्षकाला धक्का बसेल, टाळ्याही पडतील कदाचित, पण तो सोपा धक्का झाला.

आणि गाणं ट्रॅकवर अजिबात नको. मूळ प्रयोगात चंद्रकांत काळे बर्वे करायचे, गाणारा नट. अगरबत्त्या विकणारा, श्यामरावच्या शिव्या खाणारा माणूस तोंड उघडतो आणि आवाज खरंच गोड निघतो, तिथे पब्लिकचं हसू घशात अडकतं. पोरगा बेसूर असेल तर ते हसतच राहतील.

पायपेटी
गाण्याबद्दल उलट मत. ट्रॅकच ठेवा, आणि जुन्या रेकॉर्डसारखा खरखरीत ठेवा. हा माणूस दुसऱ्याच्या आवाजावरच जगतोय ना, मग ओठ त्याचे आणि गळा दुसऱ्याचा यात चूक काय? फक्त एका ठिकाणी, श्यामराव आल्यावर, ट्रॅक बंद करून पोराला तसंच बेसूर गाऊ द्या.

नऊवारी_नेसलेला
@पायपेटी हे चांगलंय यार. पटत नाही पण चांगलंय.

तिसरी_घंटा
पायपेटीची आयडिया ग्रुपवर टाकली, बर्वेवाला पोरगा खूश, कारण त्याला गाण्याचं टेन्शनच होतं. दिग्दर्शक चुंबनावर अडून आहे पण 'अंगावरून भलतीकडे बघतायत' हे वाचून दाखवल्यावर जरा गप्प झाला. उद्याच्या तालमीत जावडेकर पूर्ण प्रसंग बर्व्याच्या खांद्यामागे बघत करणार आहे, बर्वे प्रेक्षकांकडे. बघू.

काका, संहितेच्या किती प्रती लागतात हो? आणि कोणाकडे खोटा अंबाडा आहे का, आमचा तालमीतच सुटला.

विंगेतला_काका
प्रतींचं मंडळाला फोन करून विचार. अंबाडा माझ्याकडे आहे, थोडा विरळ झालाय, पण बर्व्याला तसाच शोभेल. रविवारी सकाळी ये, दहाच्या आत.