स्टेशन झालं, पुढे काय?

पायवाट
कालच्या चर्चेत 'उभा प्रवासी' यांनी ठणकावून लिहिलं, "मेट्रो आणा, विकास मागून आपोआप येतो." प्रतिसादात मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

आपोआप काहीही येत नाही हो. डेन्मार्कच्या राजधानीनं, कोपनहेगननं, १९४७ साली पाच बोटांचा आराखडा केला. शहर म्हणजे तळहात, बाहेर जाणारे उपनगरी रेल्वेमार्ग म्हणजे बोटं. रेल्वेच्या कडेनं वस्ती, बोटांच्या मधली जमीन हिरवी. पुढे तर मोठी कार्यालयं स्टेशनपासून ६०० मीटरच्या आत हवीत असा नियमच आला. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात १९७४ मध्ये बसचे राखीव मार्ग सुरू झाले आणि दाट, उंच बांधकाम त्याच रस्त्यांच्या कडेला वळवलं. गाडी कुठून जाणार आणि माणसं कुठे राहणार, हे तिथे एकत्र ठरलं. इतर ठिकाणी स्टेशन एकीकडे होतं आणि कॉलेज, इस्पितळ, कचेऱ्या बाह्यवळणावरच्या स्वस्त जागेत जातात. मग गाड्या रिकाम्या धावल्या की दोष प्रवाशांना.

उभा प्रवासी
माझं अर्धंच वाक्य उचललंत. हाँगकाँग विसरलात का? तिथे रेल्वे कंपनीला स्टेशनभोवतीच्या जमिनीचे विकासहक्क मिळतात, तेही रेल्वे येण्याआधीच्या दराने. जमिनीचा भाव चढतो, त्यातून रूळ टाकायचा खर्च निघतो. मेट्रोच विकासाला पैसा पुरवते, आणखी काय हवं? वीस वर्षं बसमध्ये लोंबकळलोय मी. मोटारींच्याच कोंडीत अडकणारी बस मला शिकवू नका.

जुना वाहक
हाँगकाँगमध्ये जवळपास सगळी जमीन सरकारच्या मालकीची आहे, हेही सांगा की. सगळ्यांना ते जमणार नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. तिकीटच काढून टाका. एस्टोनियाच्या राजधानीनं, टालिननं, २०१३ मध्ये रहिवाशांना प्रवास मोफत केला, लक्झेंबर्गनं २०२० मध्ये अख्ख्या देशात. मी सव्वीस वर्षं तिकिटं फाडली. एक बाई रोज टप्पा बदलायच्या आधीच्या थांब्यावर उतरायची. काखेत पोर, हातात पिशवी. पुढचे दोन थांबे चालत. पावसातसुद्धा. मी घंटी मारायचो आणि गाडी तिच्या शेजारून पुढे जायची. तुमचे आराखडे वाचले की मला तीच दिसते.

निळी छत्री
काका, आदर राखून सांगते, मोफत गाडी वेळेवर नसेल तर तिचं करायचं काय? मी परिचारिका आहे. माझी पाळी सुटते आणि शेवटची बस दहा मिनिटं आधीच गेलेली असते. दुप्पट तिकीट देईन, पण गाडी द्या. टालिनमध्येही आधी पायी जाणारेच बसमध्ये जास्त चढले, मोटारी फारशा हटल्या नाहीत.

जुना वाहक
तुम्ही दुप्पट देऊ शकता. ती देऊ शकत नव्हती.

निळी छत्री
माझी ऐपत काढू नका! रिक्षावाल्याला निम्मी रोजी देऊन घरी येते मी. ती चालत गेली तेव्हा उजेड तरी होता.

अर्धी खिडकी
भांडा तुम्ही. मी मोटारच वापरणार. आईचे गुडघे गेलेत, बसची पहिली पायरी तिच्या मांडीला लागते आणि चालक गाडी फुटपाथपासून चार हात लांब लावतो. एकदा ती दांडा धरून तशीच उभी राहिली, वर जाता येईना, मागच्यांचा आरडाओरडा. त्यानंतर ती बसमध्ये बसलेली नाही. आणि तुम्ही आमच्यावर कर लावा म्हणता.

पायवाट
कर लावा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पण निघालंच आहे म्हणून सांगते, लंडननं २००३ मध्ये मोटारींवर कोंडीशुल्क, म्हणजे गर्दीच्या मध्यभागात शिरायचे पैसे, लावलं तेव्हा सोबत जादा बसही सोडल्या. आईंचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. कुरितिबाच्या नळीसारख्या थांब्यांत फलाट बसच्या तळाशी समपातळीवर असतो, तिकीट आधीच काढलेलं, पायरीच नाही. ह्याला काही अब्जावधी लागत नाहीत.

आणि काका, छत्रीताई, तुमची दोघांची गाडी एकाच खिशावर अडलीय. स्टेशन आलं की आसपासच्या जमिनीचा भाव वाढतो. त्या वाढीतला वाटा वाहतुकीकडे वळला तर रात्रीची फेरीही निघेल आणि सवलतही. आज तो सगळा जमीनमालकाच्या घशात जातो, भाडेकरू लांब फेकला जातो, आणि बसची गरज सगळ्यात जास्त त्यालाच असते.

उभा प्रवासी
ठीक आहे, 'आपोआप' हा शब्द मागे घेतो. तेवढाच. कोंडीतून सुटायला स्वतंत्र मार्ग लागतोच, ह्यावर मी ठाम आहे.

पायवाट
स्वतंत्र मार्ग बसलाही देता येतो. पण राहू दे, एक शब्द मागे आला हेही कमी नाही.

जुना वाहक
छत्रीताई, ऐपत काढायला नको होती, चुकलं. ती शेवटची गाडी मीही कितीतरी वर्षं नेली आहे. बहुतेक वेळा रिकामीच डेपोत जायची. इस्पितळाची पाळी किती वाजता सुटते, हे वेळापत्रक लावणाऱ्यांनी कधी विचारलं नाही. फाटकासमोरून रोज जाऊन मीही विचारलं नाही.